रुग्णाच्या दंडाला बसणारे यंत्र

वाचकहो, अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे लोक केवळ आजार घेऊन येत नाहीत. मुलांच्या शिक्षणाचे प्रश्नही घेऊन येतात. गतवर्षी लेथवर काम करणारे एक गृहस्थ असेच आले. त्यांची कन्या इन्स्ट्रुमेंटेशन शाखेची पदवीधर. जवळच्याच एका कारखान्यात तिला नोकरी मिळत होती. तिला मात्र जैववैद्यकीय अभियांत्रिकीत, म्हणजे बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये, एम.टेक. करायचे होते.

"डॉक्टरसाहेब, घराचे हप्ते चालू आहेत. दोन वर्षे पगार नाही, आणि एवढे करून ती डॉक्टर होणार नाही. मग हे शिक्षण कशासाठी?"

"भाऊ, तिला आठवडाभर संध्याकाळी माझ्याकडे बसू द्या, मग बोलू," एवढेच मी सांगितले.

रुग्णांची संमती घेऊन ती बसू लागली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "सर, सगळ्यांचा रक्तदाब या एकाच पट्ट्याने का मोजता?" समोर एक माथाडी कामगार बसले होते, पट्टा त्यांच्या दंडाला जेमतेम पुरत होता. पट्ट्यातील हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारी असावी आणि पट्टा लहान पडल्यास दाब खोटाच जास्त दिसतो, हे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. गर्दीच्या दवाखान्यात ते विसरून गेलो होतो. मोठा पट्टा मागवून पुन्हा मोजले, तेव्हा त्यांचा वरचा दाब १६ अंकांनी कमी भरला. वाढवण्याच्या बेतात असलेली गोळी मी वाढवली नाही. चूक माझी होती. ती दिसली मात्र यंत्राकडे आणि माणसाकडे एकाच वेळी पाहणाऱ्या मुलीला.

या शाखेचे मर्म हेच आहे. कोविडकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागील तत्त्व मांडले. ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनरहित रक्त लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. त्या फरकावरून हा आकडा काढला जातो. परंतु बोट थंड असेल, हात हलत असेल, नखाला गडद रंग असेल, तर आकडा फसवतो. सावळ्या त्वचेवर तो कधीकधी प्रत्यक्षाहून जास्त दिसतो, हे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुन्हा ठळकपणे दाखवले. प्रयोगशाळेत अचूक ठरलेले यंत्र प्रत्यक्ष माणसाच्या बोटावर का चुकते, हे शोधणे जैववैद्यकीय अभियंत्याचे काम आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात म्हणूनच दोन्ही बाजूंची माणसे एकत्र येतात. पवईच्या आयआयटी मुंबईत या विषयाच्या एम.टेक.ला अभियंत्यांबरोबर वैद्यकीय पदवीधरांनाही प्रवेशाची वाट आहे. अभियंत्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकावे लागते, डॉक्टरांना गणित व इलेक्ट्रॉनिक्स. तेथील 'बेटिक' या केंद्राला महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे अर्थसाहाय्य लाभले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटीही त्या कार्यात सहभागी झाले. डॉक्टरांनी अडचण मांडायची आणि अभियंत्यांनी उपकरण घडवायचे, अशी तिथली रीत. हृदयाचे ठोके मोठ्याने व दूरवर ऐकवणारा डिजिटल स्टेथोस्कोप तिथूनच पुढे आला. आयआयटी मद्रास, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था व वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मिळून 'क्लिनिकल इंजिनिअरिंग'चे एम.टेक. चालवतात, त्यात विद्यार्थ्याला रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते.

या मार्गाला धीर लागतो, हेही पालकांनी जाणून असावे. श्री चित्रा संस्थेत शल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन व अभियंते जी. एस. भुवनेश्वर यांनी हृदयाची स्वदेशी कृत्रिम झडप घडवली. आधीचे नमुने अयशस्वी ठरले. चौथा टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसवला गेला. पुढे ती झडप हजारो रुग्णांच्या हृदयात बसली.

आता व्यवहाराचे बोलू. संगणक क्षेत्राइतक्या विपुल नोकऱ्या येथे नाहीत. मोठ्या रुग्णालयांतील यंत्रांची निगा, उपकरणांची रचना व चाचणी, संशोधन ही मुख्य क्षेत्रे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांची जोखमीनुसार अ ते ड अशा चार वर्गांत विभागणी केली. त्यामुळे गुणवत्तेची कागदपत्रे व परवाने सांभाळणाऱ्या जाणकारांचीही गरज निर्माण झाली. अभियंत्यांसाठी प्रवेशाचा मुख्य मार्ग 'गेट' परीक्षा. २०२० पासून तीत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. विद्यार्थी रुग्णालयात किती काळ घालवतात? प्रबंधाला अभियंत्यासोबत डॉक्टरही मार्गदर्शक असतात का? मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे काम करतात? आणि मुलांनाही एक प्रश्न विचारा: 'नीट'मध्ये गुण कमी पडले म्हणून ही वाट धरतोस, की हेच काम आवडते म्हणून? डॉक्टर होण्याची हुकलेली इच्छा ही पदवी पुरी करणार नाही.

त्या मुलीने वडिलांशी बोलून मधला मार्ग काढला. एक वर्ष कारखान्यातील नोकरी करून ती हप्त्यांना हातभार लावते आहे आणि रात्री 'गेट'चा अभ्यास करते आहे. परवा तिचे वडील रक्तदाब तपासायला आले. मी पट्टा उचलताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या मापाचाच आहे ना?"

वाचकहो, पुढच्या तपासणीच्या वेळी आपणही आपल्या डॉक्टरांना निःसंकोच हेच विचारा.