दुकानातल्या एसीत आवडलेलं कापड मांडवात नकोसं का होतं?

मे महिना, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त. मांडवात पंखे फिरतायत, पण वारा कुणालाच लागत नाहीये. अशात नवरदेवाकडे बघा. अंगात मरून थ्री-पीस, मानेवरून घामाच्या धारा आणि शेजारी टिश्यू पेपर घेऊन उभी असलेली करवली. कापड आणि शिलाई धरून त्या सूटवर बरेच हजार गेलेले असतात, आणि लग्नानंतर तो कपाटात जातो तो जातोच.

यात शिंप्याची चूक नसते. कापड निवडलं तेव्हा दुकानात एसी चालू होता, एवढंच.

आपण कापड घेताना रंग बघतो, त्यावरून हात फिरवतो, भाव विचारतो. पण अंगावर घातल्यावर घामाचं काय होणार, हे यातल्या कशातूनच कळत नाही. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, तो वाळतो तेव्हा होतं. म्हणजे कापडाने घाम टिपला पाहिजे आणि हवाही आत-बाहेर जाऊ दिली पाहिजे.

घाम टिपण्याचं काम धाग्याचं. साध्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून असतो, लिनन १२ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिस्टरच्या शर्टात घाम अंगावरच राहतो आणि चिकचिक होते. मग जिमचे टी-शर्ट पॉलिस्टरचे कसे चालतात? ते विणलेले असतात होजियरीसारखे, सैल आणि सच्छिद्र, त्यामुळे घाम पसरतो आणि पटकन उडून जातो. सूटाचं पॉलिस्टर घट्ट विणीचं. तिथे ही सोय नाही.

आता गंमत बघा. "उन्हाळा आहे ना, मग कॉटन घ्या" हा सल्ला नागपूरला जितका लागू पडतो तितका मुंबईला पडत नाही. कुलर आठवा. विदर्भातल्या कोरड्या हवेत कुलर खोली गार करतो, मुंबईत तोच कुलर नुसता दमटपणा वाढवतो. सुती कपड्याचं तसंच. कोरड्या हवेत ओला झालेला सुती शर्ट लगेच वाळतो आणि वाळता वाळता गारवा देतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवा आधीच ओली, त्यामुळे जाड सुती शर्ट घाम पितो आणि ओलाच राहतो. दमट हवेत लिनन जास्त बरं. ते लवकर वाळतं आणि थोडं कडक असल्यामुळे अंगाला चिकटत नाही. चुरगळतं मात्र फार. ते ज्यांना खपत नाही त्यांनी सिअरसकर बघावं. हे बारीक सुरकुत्यांचं सुती कापड, त्या सुरकुत्यांमुळेच अंगापासून जरा सुटं राहतं. नाव इंग्रजी वाटलं तरी ते आलंय फारसी 'शीर-ओ-शकर'वरून, म्हणजे दूध आणि साखर.

धाग्याइतकीच वीण महत्त्वाची. पॉपलिन, कॅम्ब्रिक ही साध्या उभ्या-आडव्या विणीची कापडं. ती पातळ असली की हवा जाऊ देतात. ड्रिल, गॅबर्डिन, डेनिम यांच्यावर तिरक्या रेघा दिसतात. ही वीण दाट आणि टिकाऊ, म्हणून कामाच्या कपड्यांना उत्तम. डंगरी हा शब्द तर मुंबईच्या डोंगरीतून गेलाय, तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून. शुद्ध सुती ड्रिलची पँट उन्हाळ्यात गरम होते ती या दाट विणीमुळे, धाग्यामुळे नव्हे.

वजनही विचारा. दुकानदार त्याला जीएसएम म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. शर्टाला १०० ते १३० ठीक. उन्हाळी ब्लेझरला २५० च्या आत बघा, ३०० च्या पुढचं महाबळेश्वरच्या थंडीसाठी ठेवा.

सूटिंगच्या काउंटरवर आणखी एक गोष्ट होते. किनारीवर 'सुपर १२०' असं छापलेलं दाखवतात. हा आकडा मुळात लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगणारा. पण तोच शिक्का टीआर कापडावरही दिसतो, म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणावर. तिथे त्याला काही अर्थ नाही. टीआर वाईट असं नाही. रोज बाइकवरून ऑफिसला जाणाऱ्याच्या पँटला ते चांगलंच, इस्त्री टिकते, गुडघे लवकर फुगत नाहीत. पण त्याला लोकरीचा भाव देऊ नका. आणि खरी लोकर म्हणजे फक्त स्वेटर, असंही नाही. पातळ, साध्या विणीची ट्रॉपिकल वूल दमट हवेतल्या सूटाला टीआरपेक्षा कितीतरी सुसह्य असते, कारण लोकर १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते. महाग आहे, हे खरं.

एवढं सगळं बघून लिननचा ब्लेझर शिवायला टाकला आणि शिंप्याने आतून पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर लावलं, तर खर्च पाण्यात. बाहेरून लिनन आणि आतून प्लास्टिकची पिशवी. माप देतानाच सांगा, अस्तर अर्धंच लावा, फक्त खांद्याला आणि बाह्यांना. चिकटवायचं बकरमही हलकं वापरा म्हणावं. ब्लाउजचंही हेच. वरचं कापड आर्टिफिशियल सिल्कचं असलं तरी अस्तर सुतीच घ्या. काखेतल्या घामोळ्यांचं कारण बऱ्याचदा त्या अस्तरातच असतं.

एका बाबतीत मात्र सोयीचा विचार बाजूला ठेवा. स्वयंपाकघर, वेल्डिंग, दिवाळीचे फटाके, जिथे आग जवळ आहे तिथे पॉलिस्टर, नायलॉन नको. सुती कापडही पेटतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल होते.

दुकानात तपासायचं कसं? कापड उजेडासमोर धरा, विणीतून उजेड किती येतो ते दिसेल. मग तोंडाला लावून फुंकर मारा आणि पलीकडे हात धरा. हाताला वारा लागला नाही तर अंगालाही लागणार नाही. 'प्युअर कॉटन'बद्दल शंका असेल तर काठाचे दोन-चार धागे मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून, मोरीजवळ जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी उरतो.

सुती कापड आणि अस्तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून घ्या. लिननलाही एकदा पाणी दाखवा. ही कापडं पहिल्या धुण्यात आटतात, म्हणून कापड घेतानाच थोडं जास्त फाडून घ्या. लोकर आणि टीआर भिजवायची गरज नाही. ते शिंपी वाफेच्या इस्त्रीने बघून घेतो.