न वाढणारे जंतू : कुष्ठरोग आणि संत्र्यावरील ग्रीनिंग यांच्या संशोधनाचा तौलनिक परिचय

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझर हे गाव नागपूर-वर्धा मार्गावर वसलेले आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी या परिसरातील लोकश्रद्धा आहे. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. या मार्गाच्या एका टोकाला वर्धा-सेवाग्राम-दत्तपूर हा परिसर असून तेथे कुष्ठरोगविषयक कार्याची परंपरा १९३० च्या दशकापासून चालत आलेली आहे. दुसऱ्या टोकाला नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र असून आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. एका टोकाला माणसाचा रोग आणि दुसऱ्या टोकाला संत्र्याचा रोग अभ्यासला जातो. आपल्या महाविद्यालयांतही हे दोन विषय वेगवेगळ्या विभागांत शिकविले जातात. तथापि कुष्ठरोग आणि संत्र्यावरील ग्रीनिंग या दोन रोगांनी संशोधकांपुढे मूलतः एकच अडचण उभी केली. त्या अडचणीचे स्वरूप, तिच्यावर काढलेले मार्ग आणि या साम्याची मर्यादा यांचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

जंतूची कसोटी :

एखादा जंतू एखाद्या रोगाचे कारण आहे हे सिद्ध कसे करावे? रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यासाठी जी सूत्रे मांडली, ती आजही सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या धड्यात येतात. जंतू रोग्यात आढळला पाहिजे. तो शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढविता आला पाहिजे. असा वाढविलेला जंतू निरोगी प्राण्यात वा वनस्पतीत सोडल्यास तोच रोग उत्पन्न झाला पाहिजे. आणि तेथून तोच जंतू पुन्हा वेगळा करता आला पाहिजे. या चारही पायऱ्या ओलांडल्या म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे मानले जाते.

विचाराधीन दोन्ही रोग दुसऱ्याच पायरीवर अडतात. त्यांचे जंतू सजीव शरीराबाहेर वाढत नाहीत.

कुष्ठरोगाचा जंतू :

नॉर्वेमधील बर्गन येथे गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोग्यांच्या ऊतींत दंडाकृती जंतू पाहिले. माणसाच्या दीर्घकालीन रोगाशी जोडला गेलेला हा अगदी आरंभीचा जिवाणू होय. मात्र तो प्रयोगशाळेतील पोषक माध्यमावर वाढविण्याचे प्रयत्न एकामागून एक फसले. या प्रयत्नांत महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९५८ मध्ये मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील बापट, कमल रणदिवे आणि वसंत खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या ऊतींतून एक जंतू वेगळा करून वाढविला. पुढे तो त्याच कुळातील दुसऱ्या गटाचा जंतू असल्याचे निश्चित झाले. तरीही हे कार्य वाया गेले नाही. त्या जंतूपासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्याचे प्रयत्न पुढील काळात झाले.

माध्यमावर न वाढणारा जंतू अखेर दुसऱ्या सजीवात वाढविण्याचा मार्ग सापडला. चार्ल्स शेपर्ड यांनी १९६० मध्ये उंदराच्या पावलाच्या गादीत या जंतूची मर्यादित वाढ होते, हे दाखवून दिले. शरीराच्या थंड भागांत हा जंतू अधिक वाढतो, या निरीक्षणाचा तेथे उपयोग झाला. १९७१ मध्ये आर्माडिलो या कमी शरीरतापमानाच्या अमेरिकी प्राण्यात तो विपुल प्रमाणात वाढविता आला. एका जंतूचे दोन होण्यास सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. त्यामुळे संसर्ग आणि लक्षणे यांत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात.

संत्र्याचा जंतू :

वऱ्हाड-नागपूर भागातील संत्रा उत्पादकास डिंक्या, कोळशी हे रोग डोळ्यांना लगेच दिसतात. ग्रीनिंगचे तसे नाही. आरंभी झाडाची एखादीच फांदी पिवळी पडते, पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना असमान पिवळट चट्टे येतात, फळे लहान व वाकडी राहून त्यांचा खालचा भाग हिरवाच राहतो. पानांची लक्षणे जस्ताच्या कमतरतेशी इतकी मिळतीजुळती असतात की शेतकरी जस्ताची फवारणी करीत राहतो आणि रोग बागेत पसरत जातो.

हा रोग कलमातून पसरतो, हे चीनमध्ये लिन यांनी १९५६ मध्ये दाखविले. त्यामुळे तो बराच काळ विषाणुजन्य मानला गेला. १९६७ मध्ये पुणे येथे कार्य करणारे कपूर, राव व विश्वनाथ यांनी भारतात हा रोग सिट्रस सिल्ला या किडीमार्फत पसरतो, असे सिद्ध केले. १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या रसवाहिन्यांत जिवाणूसदृश सूक्ष्मजीव दिसले. १९९४ मध्ये जनुकीय क्रमाच्या आधारे त्याचे वर्गीकरण झाले. परंतु त्याच्या नावामागे 'कँडिडेटस', म्हणजे 'उमेदवार', हे पद लावावे लागले. शुद्ध स्वरूपात टिकवून न वाढविलेल्या जिवाणूस पूर्ण नाव मिळत नाही, असा नामकरणाचा संकेत आहे. या जंतूचे नाव आजही उमेदवारीतच आहे.

येथेही संशोधकांनी दुसऱ्या सजीवाचा आधार घेतला. अमरवेलीच्या साहाय्याने हा जंतू लिंबूवर्गीय झाडातून सदाफुलीत नेता आला. कुष्ठरोगाच्या अभ्यासात आर्माडिलोचे जे स्थान आहे, तेच ग्रीनिंगच्या अभ्यासात सदाफुलीचे होय.

हे जंतू का वाढत नाहीत? :

या प्रश्नाचे उत्तर जनुकसंचाच्या वाचनातून मिळू लागले. २००१ मध्ये कुष्ठरोगाच्या जंतूचा सुमारे ३२.७ लाख घटकांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याच्या निम्म्याहून कमी भागात कार्यक्षम जनुके असून हजारांहून अधिक जनुके निकामी झालेली आहेत. २००९ मध्ये वाचलेला ग्रीनिंगच्या जंतूचा जनुकसंच तर अवघा सुमारे १२.३ लाख घटकांचा आहे. एक जंतू मज्जातंतूंच्या आवरणपेशींत राहतो, दुसरा रसवाहिन्यांत. दोघांनाही आयते पोषण मिळते आणि ते स्वतः तयार करण्याची क्षमता दोघांनी उत्क्रांतीच्या ओघात गमावली आहे. परान्नावर पूर्णतः विसंबलेल्याचे स्वतंत्र बिऱ्हाड थाटता येत नाही, असेच येथे म्हणावे लागेल. म्हणूनच आज या दोन्ही जंतूंचे अस्तित्व निश्चित करण्यासाठी पी.सी.आर. ही जनुकीय चाचणी उपयोगात आणली जाते.

औषधे व प्रतिरोध :

कुष्ठरोगावर १९४० च्या दशकापासून डॅप्सोन वर्गातील औषधे वापरात आली. एकाच औषधावर भिस्त ठेवल्याने जंतूत प्रतिरोध निर्माण झाला. १९६४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून तो सिद्ध झाला. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात हा उपचार प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत राबविला गेला, त्यांत वर्धा होता.

ग्रीनिंगवरही प्रतिजैविकांचे प्रयोग झाले. कपूर आणि थिरुमलाचार यांनी १९७३ मध्ये अशा उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने लक्षणे कमी होतात, पण रोग समूळ जात नाही. शिवाय माणसासाठी लागणारी औषधे बागेत वापरल्यास प्रतिरोधक जंतू वाढण्याचा धोका असतो. या कारणास्तव केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर बंद करण्याविषयीचा मसुदा आदेश काढला. शेत आणि रुग्णालय यांच्यातील भिंत किती पातळ आहे, हे यावरून ध्यानात येईल.

साम्याची मर्यादा :

येथवर दोन्ही रोगांचे शास्त्र हातात हात घालून चालते. उपाययोजनेत मात्र वाटा वेगळ्या होतात. ग्रीनिंगबाधित झाड उपटून नष्ट करणे, कीड आटोक्यात ठेवणे आणि रोगमुक्त मातृवृक्षावरूनच डोळे घेऊन कलमे बांधणे हाच मुख्य उपाय होय. त्यात दिरंगाई झाल्यास काय होते, हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने अनुभवले. तेथे २००५ मध्ये हा रोग आढळला आणि पुढील दोन दशकांत संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले.

कुष्ठरोग्याच्या बाबतीत समाजाने दीर्घकाळ हाच, म्हणजे उपटून दूर करण्याचा, न्याय लावला. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनास दिला होता. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. वर्ध्याचे योगदान येथे निर्णायक ठरते. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे रुग्णसेवेस आरंभ केला. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. र. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही पद्धती आकारास आली. रुग्णाला घरातून न हलविता गावोगाव शोध घेऊन उपचार करणे हे तिचे सार होय. राष्ट्रीय कार्यक्रमाने पुढे तीच पद्धती स्वीकारली. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशपातळीवर गाठले गेले. तरी नवे रुग्ण आजही आढळतात आणि निदानास उशीर झाला की हातापायांची विकृती कायमची राहते.

निष्कर्ष :

कुष्ठरोग व ग्रीनिंग यांच्या संशोधनाची पद्धती एक आहे. मात्र त्या संशोधनावरून करावयाची कृती एक असू शकत नाही. झाडाच्या बाबतीत बाग वाचविण्यासाठी झाड द्यावे लागते. माणसाच्या बाबतीत समाज वाचविण्यासाठी माणूस द्यावा लागत नाही, हे वर्ध्यातील कार्याने दाखवून दिले. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांच्या प्राध्यापकांनी हे दोन रोग एकत्र शिकविल्यास जंतुशास्त्राची एकात्मता विद्यार्थ्यांना समजेल. पानावरील असमान चट्टा आणि त्वचेवरील बधिर चट्टा या दोन्ही खुणा वेळीच ओळखणारा विद्यार्थी केळझरसारख्या गावात परतला, तर त्याच्या शिक्षणाचा लाभ शेताला आणि घराला सारखाच होईल.