समजून घ्या : १५ हजारांत ‘आय७’ कॉम्प्युटर मिळतो कसा?

‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी; फक्त १५ हजार!’ अशा जाहिराती सध्या ऑनलाइन सर्रास दिसतात. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी डेस्कटॉप घेऊ पाहणाऱ्या घरात मग प्रश्न पडतो : ओळखीचा दुकानदार साध्या ‘आय३’साठी याच्या दुप्पट पैसे का सांगतोय?

जाहिरात बहुतेक वेळा खोटी नसते. तिने फक्त वर्ष सांगितलेले नसते.

इंटेल ‘आय७’ हे नाव २००८ पासून वापरत आले आहे. स्वस्त सेटमध्ये अनेकदा आय७-२६०० किंवा आय७-३७७० सापडतो. यातला पहिला जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला, दुसरा २०१२ मध्ये. ४ कोअर, ८ थ्रेड ही त्यांची ताकद तेव्हा मोठी होती. २०२२ च्या आय३-१२१०० मध्येही ४ कोअर आणि ८ थ्रेडच आहेत, पण त्याचा प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान आहे. म्हणजे नवा ‘आय३’ जुन्या ‘आय७’ला सहज मागे टाकतो.

ओळखायचे कसे? डॅशनंतरच्या आकड्यातले शेवटचे ३ अंक झाकायचे. उरते ती पिढी : २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. कोटेशनवर नुसते ‘आय५’ किंवा ‘आय७’ लिहिले असेल, तर ते कोटेशन अपुरे आहे.

विंडोजचे काय?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या सेटवर विंडोज ११ सुरू झालेले दिसले, तर ते तपासणी चुकवून टाकलेले असते आणि अशा संगणकांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय त्यातली डीडीआर३ रॅम आणि मदरबोर्ड पुढच्या अपग्रेडमध्ये कामाला येत नाहीत. ‘जुना’ म्हणून, जुन्याच्या भावात घेतला तर टायपिंगसाठी तो वाईट नाही. नवा म्हणून घेणे मात्र महागात पडते.

सगळ्यात कमी विचारला जाणारा भाग

तो म्हणजे एसएमपीएस, घरातली वीज कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणारा डबा. स्वस्त कॅबिनेटसोबत तो ‘फ्री’ येतो आणि त्यावर ठळक ‘४५० वॅट’ छापलेले असते. त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट, म्हणजे हिशेब जुळतो. १६ अँपिअर असतील तर जेमतेम १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची भूक मुख्यतः याच १२ व्होल्टवर भागते. निकृष्ट एसएमपीएस जळताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस’चा शिक्का चांगला, पण तो वीज किती वाया जाते हे सांगतो, आतल्या संरक्षणाची पावती तो नाही. बजेट ताणले असेल तर कॅबिनेटचे रंगीत दिवे सोडावेत, एसएमपीएसमध्ये काटकसर नको. विजेचा लपंडाव असलेल्या गावात तर नकोच.

अभ्यास, ऑफिस, कोडिंग यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मात्र इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल (उदा. १२१००एफ), तर त्यात ग्राफिक्सच नसते. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि कार्ड घेतले नाही, तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआय डेटा सेंटरकडे वळला. त्यामुळे आधी १६ जीबीचा एकच मॉड्यूल घ्यावा की ८-८ चे दोन, यावर दुकानात वाद होतात. वेगळे कार्ड नसेल तर दोन घ्यावेत. प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमच वापरते आणि दोन मॉड्यूलमुळे त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो.

बिल आणि तपासणी

असेंबल्ड सेटला एक वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. इंटेल आणि एएमडी खोक्यातल्या प्रोसेसरला साधारण ३ वर्षे देतात. म्हणून जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावेत. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ ही सूट घेतली, तर वॉरंटीसाठी दाखवायला हातात काहीच उरत नाही.

पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच सेट सुरू करून घ्यावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि रॅमचे किती स्लॉट भरले आहेत ते दिसते. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’समोर हजारो तास दिसले, तर ती एसएसडी नवी नाही; दुकानदाराला तिथेच बदलून मागावी.