सर्व्हरची इमेज आणि तिचा ताळा

बेरजेचा ताळा कसा पाहतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. समजा, ३४७ आणि २८६ यांची बेरीज आपण ६३३ अशी केली. ती बरोबर आहे का? ३४७ मधील अंकांची बेरीज करीत गेलो की शेवटी ५ उरतात, २८६ मधून ७ उरतात. ५ आणि ७ मिळून १२, म्हणजे ३. इकडे ६३३ मधूनही ३ च उरतात. ताळा जुळला! तुमच्या आजोबांनी ही युक्ती पाटीवर अनेकदा वापरली असेल. आज सांगणार आहे ती हकिगत संगणकाची आहे. पण खरे म्हणजे ती या ताळ्याचीच हकिगत आहे.

दोन दिवसांचा घोळ

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एक जुना संगणक धूळ खात पडला होता. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांच्या नोंदी एका जागी ठेवाव्यात आणि कोणालाही कोणत्याही टेबलावरून त्या पाहता याव्यात, यासाठी त्याला सर्व्हर करायचे मी ठरविले. सर्व्हर म्हणजे काही जगावेगळे यंत्र नव्हे. इतर संगणकांनी मागितलेली माहिती रात्रंदिवस पुरवीत राहणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची होती.

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने लिहिला. त्याभोवती लागणारे इतर हजारो प्रोग्राम गोळा करून, एकमेकांशी जुळवून, ते बसविण्याच्या सोयीसह जे संच तयार केले जातात, त्यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन आणि २००४ साली त्याच्याच पायावर उभे राहिलेले उबुंटू ही त्यांपैकी दोन प्रसिद्ध नावे. दोन्ही इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात.

मी उबुंटूची सर्व्हरसाठी असलेली इमेज उतरवून घेतली. मध्ये एकदा नेट गेले होते, पण थोड्या वेळाने ‘डाउनलोड पूर्ण’ अशी सूचना दिसली. आकार पाहिला, २.६ जीबी. संकेतस्थळावरही २.६ जीबीच लिहिलेले. समाधान झाले. इमेज पेन ड्राइव्हवर लिहिली आणि काम सुरू केले. निम्मे काम झाले आणि संगणक अडकला. पुन्हा केले, पुन्हा तेथेच अडकला. मी हार्ड डिस्क बदलली, मेमरीची पट्टी काढून पुसून बसविली, केबल बदलली. दोन दिवस गेले. शेवटी द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने अगदी साधेपणाने विचारले, “सर, ताळा केल्याशिवाय तुम्ही आमचे उत्तर तपासत नाही. या फाइलचा ताळा पाहिलात का?”

पाहिला नव्हता. पाहिला, तर जुळला नाही! फाइल सुमारे चाळीस लाख बाइटांनी अपुरी होती. मग २.६ हा आकडा कसा जुळला? यात नवल नाही. सार्थ अंकांचा धडा आठवा. एक दशांश स्थळापर्यंत लिहिलेले २.६ म्हणजे २.५५ ते २.६५ यांमधील काहीही. हा पट्टा ०.१ जीबीचा, म्हणजे दहा कोटी बाइटांचा आहे. त्यात चाळीस लाखांची तूट सहज लपते. सार्थ अंक शिकविणाऱ्या मास्तरालाच सार्थ अंकांनी चकविले!

इमेज म्हणजे काय?

आता जरा मागे जाऊ. इमेज म्हणजे चित्र नव्हे. एखाद्या सीडीवर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे काही असेल, त्याची हुबेहूब प्रत एकाच फाइलमध्ये साठविली, तर ती त्या सीडीची इमेज झाली. अशा फाइलींच्या नावापुढे ‘आयएसओ’ असे शेपूट असते. सीडीवर माहिती कशी मांडावी याचे ‘आयएसओ ९६६०’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली ठरले, त्यावरून ते आले. आज सीडी फारशी कोणी वापरीत नाही; इमेज पेन ड्राइव्हवर उतरविली जाते. पण नेहमीसारखी फाइल कॉपी करून भागत नाही. संगणक सुरू होताना पेन ड्राइव्हच्या अगदी आरंभीच्या जागा वाचतो. तेथे योग्य ते बाइट असावे लागतात. म्हणून इमेज लिहिणारा वेगळा प्रोग्राम वापरावा लागतो. सावधान! त्यात पेन ड्राइव्हवरचे पूर्वीचे सारे पुसले जाते.

नाव वाचायला शिका

संकेतस्थळ उघडले की इमेजची लांबलचक नावे दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. पण ही नावे म्हणजे एखाद्या रासायनिक सूत्रासारखी असतात. फोड केली की अर्थ उलगडतो. उदाहरणादाखल हे नाव पाहा: ‘उबुंटू-२४.०४-लाइव्ह-सर्व्हर-एएमडी६४’.

यातील २४.०४ ही दशांश संख्या नव्हे. ते २०२४ साल आणि चौथा महिना, म्हणजे एप्रिल आहे. त्यापुढे कधी .१, .२ असे अंक जोडलेले दिसतात; तोवरच्या दुरुस्त्या मिसळून इमेज पुन्हा तयार केली, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २४.१० ही आवृत्ती निघाली. मग नवी ती चांगली, असे म्हणून २४.१० घ्यावी का? सर्व्हरसाठी तरी नाही. अशा मधल्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या फक्त नऊ महिने मिळतात, २४.१० च्या दुरुस्त्या जुलै २०२५ मध्ये बंद झाल्या. उलट २०२०, २०२२ आणि २०२४ च्या एप्रिलमधील आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या, म्हणजे ‘एलटीएस’ जातीच्या. त्यांना निदान पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. सर्व्हर एकदा बसविला की वर्षानुवर्षे चालावा अशी आपली अपेक्षा असते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: ‘ही आवृत्ती किती वर्षे सांभाळली जाईल?’

‘सर्व्हर’ या शब्दाचा अर्थ, हिच्यात खिडक्या, चित्रे, माऊसचा बाण यांचा पसारा नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या. ही उणीव नव्हे. प्रोग्राम जितके कमी, तितकी मेमरी कमी लागते आणि चोराला शिरायला फटीही कमी राहतात. डेबियनमध्ये यासाठी निराळी इमेज नसते. बसविताना काय काय हवे ते विचारले जाते, तेथे ग्राफिकल डेस्कटॉप वगळायचा.

आता ‘एएमडी६४’. येथे पुष्कळ जण फसतात. “माझा प्रोसेसर तर इंटेलचा आहे, मग एएमडीची इमेज कशी चालेल?” चालते. ६४ बिटांची ही रचना प्रथम एएमडी कंपनीने आखली आणि २००३ साली बाजारात आणली. पुढे इंटेलनेही ती स्वीकारली. नाव मात्र पहिलेच राहिले. पण रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकात किंवा तुमच्या मोबाइलमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर असतो. त्याची भाषाच निराळी, त्याला ही इमेज कळणारही नाही. जुन्या ३२ बिटांच्या संगणकांची वाटही आता अरुंद झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इमेजच काढलेली नाही. तेव्हा दुसरा प्रश्न: ‘माझा प्रोसेसर कोणत्या जातीचा?’

तिसरा प्रश्न आकाराचा. डेबियनची ‘नेटइन्स्ट’ नावाची इमेज एक जीबीपेक्षाही लहान असते. तिच्यात जेमतेम शिदोरी असते. बाकीचे सामान ती बसविताना इंटरनेटवरून आणते. दुसरी असते ती डीव्हीडीभर मोठी. नेट चांगले असेल तर पहिली घ्यावी. लागेल तेवढेच उतरते आणि तेही ताजे. सर्व्हरच्या जागी नेट पोहोचत नसेल तर दुसरी एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर न्यावी.

चौसष्ट खुणांचा ताळा

योग्य इमेज निवडली आणि उतरविली. आता ताळा. आरंभीच्या बेरजेकडे पुन्हा पाहा. समजा, ६३३ ऐवजी चुकून ३६३ लिहिले. अंकांची बेरीज तीच, ताळा जुळलेलाच! म्हणजे अंकांची अदलाबदल आपल्या जुन्या युक्तीला दिसत नाही. अब्जावधी बाइटांच्या फाइलसाठी याहून कितीतरी तिखट नजरेचा ताळा हवा.

असा ताळा म्हणजे ‘शा-२५६’ ही रीत. फाइल केवढीही असो, तिच्यातील प्रत्येक बिट घुसळून ही रीत बरोबर २५६ बिटांची एक संख्या काढते. ती सोळा चिन्हांच्या पद्धतीत, म्हणजे ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे वापरून लिहिली की ६४ चिन्हे होतात. फाइलमधील एक बिट जरी बदलला, तरी ताळ्यातील सुमारे निम्मे बिट बदलतात. एकंदर ताळे किती संभवतात? २ चा २५६ वा घात, म्हणजे जवळजवळ १ वर ७७ शून्ये! दोन निरनिराळ्या फाइलींचा शा-२५६ ताळा एकच आल्याचे उदाहरण आजवर कोणाला सापडलेले नाही. ‘एमडी५’ नावाच्या जुन्या रीतीत मात्र असे जोड २००४ साली शोधून दाखविले गेले. म्हणून ती आता भरवशाची मानत नाहीत.

डेबियन काय, उबुंटू काय, इमेजच्या शेजारीच अशा ताळ्यांची एक छोटी फाइल ठेवलेली असते. आपण आपल्या संगणकावर ताळा काढायचा आणि त्या फाइलशी ताडून पाहायचा. लिनक्सवर यासाठी ‘शा२५६सम’ ही आज्ञा आहे, तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’. काम काही सेकंदांचे. माझे दोन दिवस वाचले असते.

ताळा कोणाकडून घ्यावा?

तुम्ही म्हणाल, ताळा जुळला म्हणजे सारे ठीक. थांबा! २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय डिस्ट्रिब्यूशनच्या संकेतस्थळात घुसखोर शिरले. त्यांनी डाउनलोडचा दुवा बदलून आपल्या इमेजकडे वळविला. त्या इमेजमध्ये मिंट तर होतेच, पण सोबत एक चोरदरवाजाही होता. मिंटच्या मंडळींना लवकरच सुगावा लागला. त्यांनी लोकांना सावध केले आणि संकेतस्थळ काही काळ बंद ठेवले. आता विचार करा. संकेतस्थळच ज्याच्या ताब्यात गेले, त्याला तेथे लिहिलेला ताळा बदलणे काय अवघड? चोराच्या इमेजचा चोरानेच लिहिलेला ताळा बिनचूक जुळेल!

यावर उपाय म्हणजे सही. ताळ्यांच्या फाइलवर तयार करणारे आपली डिजिटल सही करतात. त्यासाठी किल्ल्यांची एक जोडी असते. गुप्त किल्लीने सही होते, ती त्यांच्याजवळच राहते. जाहीर किल्लीने सही तपासता येते, ती सर्वांना दिलेली असते. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही आणि गुप्त किल्लीवाचून नवी सही करता येत नाही. ही तपासणी करणारा ‘जीपीजी’ हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो.

पण जाहीर किल्ली तरी खरी कशावरून? प्रश्न रास्त आहे. ती एकाच ठिकाणाहून घेऊन स्वस्थ बसू नये. तिची ओळखखूण निदान दोन वेगळ्या ठिकाणी पडताळावी. डेबियनचे कार्यकर्ते प्रत्यक्ष भेटतात, एकमेकांची ओळखपत्रे पाहतात आणि मगच एकमेकांच्या किल्ल्यांना दुजोरा देतात. त्यांची वार्षिक परिषद २०२३ साली आपल्या देशात, कोची येथे भरली होती. गणित कितीही भक्कम असले तरी साखळीच्या अखेरीस माणसाने माणसाला पारखून घेणे येतेच.

या साखळीचा एक फायदाही आहे. इमेज कोठून आणली याला महत्त्व उरत नाही. जवळच्या एखाद्या संस्थेने ठेवलेल्या प्रतीवरून घ्या, नाही तर मित्राच्या पेन ड्राइव्हवरून. ताळा आणि सही मात्र मूळ ठिकाणची हवी.

करून पाहा

शेवटी एक प्रयोग. नोटपॅडमध्ये इंग्रजीतील लहान लिपीतील ए, बी, सी ही तीन अक्षरे लागोपाठ लिहा. जागा सोडू नका, एंटर दाबू नका. फाइलचा आकार ३ बाइट असल्याची खात्री करा आणि शा-२५६ ताळा काढा. पहिली आठ चिन्हे अशी येतील: बी, ए, ७, ८, १, ६, बी, एफ. जगात कोठेही, कोणत्याही संगणकावर हीच येतील. आता सी च्या जागी डी लिहून पुन्हा ताळा काढा. दोन्ही ताळे एकाखाली एक लिहून ६४ पैकी किती जागी चिन्हे सारखी आली ते मोजा. चिन्हे सोळाच असल्यामुळे केवळ योगायोगाने ६४ भागिले १६, म्हणजे सरासरी ४ जागी ती सारखी यावीत. वर्गातील प्रत्येकाने वेगळे शेवटचे अक्षर घ्यावे आणि साऱ्या वर्गाची सरासरी काढावी. ती ४ च्या जवळ येते का? शिक्षकांनी हा प्रयोग संभाव्यतेच्या तासालाही करून घ्यावा.

आमचा सर्व्हर पुढे चांगला चालू लागला. त्याच्या पेटीवर त्या विद्यार्थिनीने एक चिठ्ठी चिकटविली आहे: ‘ताळा पाहिला का?’ ती आमच्यासाठी नसून माझ्यासाठी आहे, हे सर्वांना माहीत आहे.