इंजिन पेलणाऱ्या नळ्या

पुण्यात १९४६ पासून किर्लोस्करांची ऑइल इंजिनं बनतात. असं इंजिन विहिरीवर बसवताना खाली काँक्रीटचं फाउंडेशन घालतात, त्यात बोल्ट पुरतात आणि इंजिनाची थरथर जमीन पचवते. विमानात फाउंडेशनलाही इंजिनाबरोबर उडायचं असतं. चार आसनांपर्यंतच्या छोट्या विमानात हे काम साधारण पाच किलो वजनाचा, पोलादी नळ्यांचा एक सांगाडा करतो. त्याला म्हणतात इंजिन माउंट.

स्वतः विमान बांधणारी माणसं आपल्याकडे मोजकीच. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि २०१९ मध्ये उड्डाण-चाचण्यांची परवानगी. चर्चा झाली ती गच्चीची आणि परवानग्यांच्या दीर्घ वाटेची. इंजिन विमानाच्या धडाला जोडायचं कशानं, हा प्रश्न मात्र असं विमान बांधणाऱ्या प्रत्येकापुढे येतो, आणि त्याबद्दल मराठीत फारसं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

आधी भार पाहू. लायकोमिंग या अमेरिकी कंपनीचं शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचं विमान-इंजिन सुमारे ११० किलोचं असतं. सर्वसाधारण छोट्या विमानाची रचना वजनाच्या ३.८ पट भाराला टिकेल अशी करतात आणि त्यावर दीडपट सुरक्षितता धरतात. म्हणजे माउंटच्या दृष्टीनं ते इंजिन सव्वासहाशे किलोंचं. शिवाय मिनिटाला २५०० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती देणारं इंजिन सुमारे २८५ न्यूटन-मीटरचा पीळ देतं. चार सिलिंडरच्या इंजिनात तो पीळ सलग येत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. म्हणून अमेरिकेच्या जुन्या नियमांत तो सरळ दुप्पट धरायला सांगितलं होतं. नाक झटक्यात वर उचललं की फिरता पंखा (प्रोपेलर) त्याला बाजूलाही वळवू पाहतो, तोही ताण याच नळ्यांवर.

इथं नवख्याला वाटतं की नळी जाड घ्यावी. तो विचार सोडायला हवा. नळी ओढली वा दाबली तर प्रचंड भार सोसते, वाकवली की लवकर हरते. म्हणून माउंटमध्ये प्रत्येक नळी त्रिकोणाची बाजू असावी आणि सांध्यावर येणाऱ्या नळ्यांच्या मध्यरेषा एकाच बिंदूत मिळाव्यात. कार्ब्युरेटर आडवा येतो म्हणून एखादी तिरकी नळी गाळली की त्रिकोणाचा चौकोन होतो, आणि चौकोन कलतो. आधी त्रिकोण ठरवून मग बाकीचं सामान त्यात बसवणं, हाच क्रम मला योग्य वाटतो.

नळ्या ४१३० क्रोमोली या मिश्रपोलादाच्या, भिंतीची जाडी जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. जोडायच्या टोकाला माशाच्या तोंडासारखा गोल काप घेतात. तो दुसऱ्या नळीवर फटीशिवाय बसायला हवा, कारण फट वेल्डनं बुजवली की सांधा तिथेच कमकुवत राहतो. सगळ्या नळ्या जिगमध्ये, म्हणजे जागच्या जागी पकडणाऱ्या चौकटीत, घट्ट धरून आधी टाके मारायचे, मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीनं आर्गन वेल्डिंगनं भरायचे. वेल्ड झाल्यावर पाणी नको, पंख्याचा झोतही नको, कारण झटकन थंड झालेलं हे पोलाद ठिसूळ होतं. आणि वेल्ड सुंदर दिसावा म्हणून ग्राइंडर फिरवू नये. त्यानं कडेची नळी पातळ होते, आणि तडा बहुधा त्या कडेलाच सुरू होतो. अनेक जण माउंटला पांढरा किंवा फिकट राखाडी रंग देतात, म्हणजे तडा काळ्या रेघेसारखा उठून दिसतो.

इंजिन आणि माउंट यांच्यामध्ये रबराचे बुश असतात. लायकोमिंगच्या डायनाफोकल पद्धतीत चारही बुशांचे आस तिरके ठेवून इंजिनाच्या गुरुत्वमध्याच्या दिशेनं रोखलेले असतात. त्यामुळे इंजिन आपल्याच मध्याभोवती हलतं आणि कमी थरथर धडापर्यंत पोचते.

असा माउंट इथं शिकून बनवायचा कुठं? पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, पण ग्लायडरला इंजिनच नसतं. मला आशा वाटते ती इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांबद्दल. बाहा या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाड्यांचे पिंजरे अनेक संघ याच ४१३० नळ्यांचे बनवतात. नळीला काप घेणं, जिग लावणं, आर्गन वेल्डिंग करून घेणं या मुलांना येतं. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांच्या कंपनांची तपासणी होते, म्हणजे थरथर मोजण्याचं ज्ञानही शहरातच आहे. अंतिम वर्षाच्या एखाद्या गटानं एक माउंट बनवून भक्कम भिंतीला बोल्टांनी जोडावा, इंजिनाच्या जागी सव्वासहाशे किलो वजन टांगावं, पीळ द्यावा आणि प्रत्येक सांधा भिंगाखाली तपासावा. त्यातून निघणारे आकडे मराठीत छापले, तर विमान बांधू पाहणाऱ्या पुढच्या माणसाच्या थेट कामाला येतील.