अँटेना गच्चीवर, लॅपटॉप खाली: उपग्रहाचा सिग्नल घरात कसा येतो?

रशियाचे मेटिऑर-एम हवामान उपग्रह सुमारे 820 किलोमीटर उंचीवरून जाताना ढगांची छायाचित्रं 137 मेगाहर्ट्झच्या आसपास थेट प्रसारित करत असतात. ती पकडायला पैसे पडत नाहीत. अडचण असते केबलची. अँटेना गच्चीवर आणि लॅपटॉप खालच्या खोलीत असेल, तर लांब केबलमध्येच सिग्नल क्षीण होतो.

म्हणून आरटीएल-एसडीआर डोंगल (मूळचा टीव्ही बघण्याचा!) आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अँटेनाजवळच ठेवतात. डोंगल सिग्नलचे आकडे करतो, आरटीएल-टीसीपी हा प्रोग्रॅम ते नेटवर्कवरून खाली पाठवतो आणि बाकीचा रेडिओ लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर होतं.

हे आकडे मात्र भरमसाट. सेकंदाला 24 लाख नमुने, प्रत्येकी 2 बाइट. दहा मिनिटांत जवळपास 2.9 जीबी. वाय-फाय अडखळलं की मधले नमुने गळतात, चित्रात काळे पट्टे उमटतात आणि उपग्रह तोवर क्षितिजाखाली गेलेला असतो. खरं तर मेटिऑरसाठी सेकंदाला 10 लाख नमुनेही पुरतात. त्याहून शहाणपणाचं म्हणजे सॅटडंपसारखं सॉफ्टवेअर गच्चीवरच्या संगणकातच चालवायचं आणि तयार चित्र तेवढं खाली आणायचं.

आरटीएल-टीसीपीला पासवर्ड नसतो, त्यामुळे तो घरच्या नेटवर्कबाहेर उघडा ठेवू नये.