कोंबड्यांनाही हवा हवी!

गेल्या पौषातली गोष्ट. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं घर. पहाटेचं वारं नुसतं बोचत होतं. आपल्याला स्वेटर, शाल. कोंबड्यांनी काय करायचं? मला दया आली. खताची रिकामी पोती उसवून खुराडं चहूबाजूंनी गच्च बांधून टाकलं. म्हटलं, निजा आता बायांनो उबेला!

आठ-दहा दिवसांत कोंबड्या शिंकायला लागल्या. डोळ्यांत पाणी, घशात घरघर. बारांतल्या दोन गेल्या, अंडी निम्म्यावर आली. लेकीच्या क्लासची फी या अंड्यांवर निघते, त्यामुळं माझा जीव खालीवर.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. खुराडं उघडून ते म्हणाले, "वहिनी, जरा आत डोकं घाला." घातलं मात्र, डोळे चरचरले! "हा अमोनिया. रात्रभर त्या यातच श्वास घेतात."

त्यांनी औषध दिलं आणि समजावलंही. श्वासातली वाफ बाहेर गेली नाही की खालचा भुसा ओलावतो. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो डोळे आणि श्वासनळी खराब करतो, मग आजार शिरतात. मोठी कोंबडी कोरडी असली की आपली थंडी सहज सोसते. पिसं फुलवून बसते. पिसांत अडकलेली हवा हीच तिची गोधडी. बाधते ती ओल आणि थेट अंगावर येणारा वाऱ्याचा झोत.

"आम्ही डालग्याखाली झाकत हुतो की," आत्ती म्हणाल्या, "बांबूच्या विणीतनं हवा जायाची." हे मला कसं सुचलं नाही?

मग पोती काढली. कोंबड्या बसतात तिथपर्यंत गोणपाट लावलं. छपराखाली दोन्ही बाजूंना वीतभर जागा जाळी मारून मोकळी सोडली. गरम, दमट हवा वर चढते, ती तिथून जाते. खाली भाताचं तूस तीन-चार इंच पसरलं. ते दोन-चार दिवसांनी हलवते, ओले गोळे काढून टाकते. पाण्याचं भांडं रात्री बाहेर.

लहान पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना बल्बची ऊब लागतेच. पण बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिचा विषारी धूर जीव घेतो.

आता सकाळी खुराडं उघडलं की आधी खाली वाकून वास घेते. डोळे चुरचुरले नाहीत, की मगच अंडी गोळा करायची.